आठल्यांची हद्द जिन्यापर्यंत

कलकत्त्यातल्या खिदिरपूरच्या गोदीतले कस्टम अधिकारी दिगंबर आठल्ये यांच्या बागबाजारच्या घरात त्या वर्षीच्या दुर्गापूजेनंतर मनाईलाच मनाई करण्यात आली. शहरात गडबड चाललेली, शाळा उघड्या कमी आणि बंद जास्त. तेव्हा आपल्या मुलीला, लीनाला, शाळेत घालायचंच नाही, मूल आपलं आपण शिकतं, असं त्यांनी ठरवलं आणि मराठी मंडळात तसं भाषणही ठोकलं. घरात नियम एकच. दुसऱ्याला बंधन घालायचं नाही, फक्त स्वतःची हद्द जाहीर करायची. ‘अमुक करू नकोस’ हे बंधन. ‘मला अमुक सोसत नाही, मी उठून जाईन’ ही हद्द. दिवसभर लोकांच्या ट्रंका उघडायला लावणाऱ्या आपल्याला एवढं औदार्य सुचलं, याचं दिगंबररावांना फार कौतुक वाटे.

लीना आधी ढाक, म्हणजे पूजेतला मोठा ढोल, वाजवायला शिकली. मांडवातले ढाकी तिने बघून ठेवले होते आणि घरात बिस्किटांचा रिकामा डबा होता. दिगंबररावांनी पेपर खाली ठेवून आपली हद्द रीतसर जाहीर केली. लीनाने ती नीट ऐकून घेतली आणि बाबा अजून उठले कसे नाहीत म्हणून बघत राहिली. झालं, बैठकीची खोली गेली. मग गादीवर मांजर व्यालं आणि झोपायची खोली गेली. शेजारच्या काकीमांकडून लीना हिल्सा मासा तळायला शिकली, तेव्हा स्वयंपाकघरही गेलं. आरामखुर्ची जिन्यावर आली. बिचारे तिथेच चहा पीत.

“अहो, एकदा तिला नको म्हणा की,” शैलाबाई म्हणाल्या. बायकोच ती, तिला नवऱ्याची दया आली.

“आणि मंडळात कुठलं तोंड दाखवू?”

रविवारी मंडळाचे चिटणीस श्रीधरपंत चार आईबापांना घेऊन हे मुक्त घर बघायला आले. यजमान जिन्यावर कसे, असं त्यांनी विचारलं. इथे हवा चांगली येते, असं दिगंबरराव म्हणाले. तेवढ्यात लीना दारात आली.

“बाबा, आत या ना. तुम्हाला कोणी अडवलंय का?”

कोणीच अडवलं नव्हतं. आत जाऊन पोरीशेजारी बसावं, असं दिगंबररावांना फार वाटत होतं. पण आत डबा, मांजर आणि मासा तिन्ही होते, आणि पाहुण्यांसमोर तत्त्व सोडवेना.

पाहुणे मात्र आत जाऊन हिल्सा खाऊन खूश होऊन बाहेर पडले. इतकं आनंदी मूल त्यांनी पाहिलं नव्हतं. महिन्याभरात कलकत्त्यातल्या बऱ्याच मराठी घरांच्या जिन्यांवर खुर्च्या दिसू लागल्या. मंडळाची सभाही आता जिन्यावरच भरते, आणि बालसंगोपनावरचे ठराव एकमताने मंजूर होतात.

तुम्ही हसलात, हरकत नाही. फक्त हे निवांत वाचायला म्हणून तुम्ही घरातल्या कुठल्या कोपऱ्यात येऊन बसलाय, ते जरा मान वर करून बघा.