झाडावरून उतरलेले मास्तर

बारशाला जाताना लोक टोपडं नेतात, झबलं नेतात. आमचे पुंडलीक मास्तर नुसतं बोट घेऊन जात. ते पाळण्यात घालायचं, बाळाने मुठीत आवळलं की हात हळूच वर उचलायचा आणि बाळाच्या आजीकडे वळून विजयी मुद्रेने म्हणायचं, "बघा! फांदी धरता! ह्यां झाडावयलां!" आजी मीठ-मोहरी शोधायला धावे. मास्तरांना बोलवावं की नाही यावर घराघरांत वाद होत. पण न बोलावताही ते येतच, म्हणून लोक बोलावत.

मास्तर माझे शेजारी. आमचं गाव पेडण्याच्या जवळ. गोवा मुक्त झाल्यावर जिकडेतिकडे शाळा निघाल्या तेव्हा ते डिचोलीत विज्ञान शिकवायला गेले आणि निवृत्त होऊन परतले ते कपाटभर पुस्तकं आणि एक सिद्धांत घेऊनच. माणूस आणि माकड एकाच आजोबाचे नातू, हे ऐकून आम्हालाही माहीत होतं. मास्तरांचं म्हणणं त्याच्या पुढचं. माणूस झाडावरून उतरला खरा, पण स्वभाव तिथेच ठेवून यायला विसरला. प्रेम, दया, त्याग ही सगळी रक्ताची ओढ. जिथे रक्त नाही तिथे देवाणघेवाण. तिसरं काही नाही.

जत्रेनंतर देवळात पावणी होते, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव. एकदा सरपंच आणि दुकानदार एका नारळावरून हट्टाला पेटले. बोली चढत गेली, लोक भक्तीने गहिवरले. मास्तर मागून मोठ्याने म्हणाले, "छाती बडयतत! नर आसत, नर!" सरपंचांनी तो नारळ जिंकला आणि मास्तरांशी बोलणं टाकलं.

मीही सुटलो नाही. मास्तरांना ताप आला तेव्हा मी पेज घेऊन गेलो. पेज संपवून, तोंड पुसून ते म्हणाले, "तुका वाटता तू दयाळू? माझी विहीर तुझ्या अंगणाक लागान. मी गेलंय तर माझे पुतणे येतले आणि तुका पाणी बंद करतले. म्हणान ही पेज!" संतापलो मी. त्याहून वाईट म्हणजे घरी जाऊन त्यावर विचार करत बसलो.

या सिद्धांताला एकच माणूस पुरून उरलं होतं. सावित्री. ती सावंतवाडीकडची. नवरा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा, तो वारला. मास्तर तेव्हा डिचोलीतच होते. परतताना तिलाही गावी आणून त्यांनी मागची खोली दिली. मास्तर ब्रह्मचारी, ती निपुत्रिक. ती त्यांचं जेवण करी, तुळशीला पाणी घाली आणि सांजवेळी केळीच्या बागेत माकडं उतरली की पत्र्याचा डबा बडवून त्यांना हाकलून लावी. गावात कुजबूज झाली तेव्हा मास्तरांनी शास्त्रीय खुलासा केला: "ह्यां सहजीवन. म्हशीच्या पाठीर बगळो बसता तसां."

आतून सावित्री म्हणाली, "मास्तरांनू, म्हस कोण नि बगळो कोण, ता पयला सांगा!"

मास्तर उठून कपाटातल्या पुस्तकात बघायला गेले. माझ्या आठवणीत असं तेव्हाच घडलं.

मग एका दुपारी वास्कोहून तिचा भाचा आला. बंदरात कामाला होता. बायको बाळंत झालेली, तिला आई नाही, घरात करणारं कोणी नाही. "आत्येक घेवन जाव म्हणतंय. आता थयच रवांदे," तो म्हणाला. मी बाजूच्या ओसरीवर बसलो होतो. सावित्री दारात उभी. तिने भाच्याकडे पाहिलंच नाही. "मास्तरांनू, काय करू?"

एका शब्दाचं काम होतं. त्याऐवजी मास्तरांनी मधमाश्यांवर व्याख्यान दिलं. कामकरी माशीला स्वतःचं पोर नसतं, पण ती बहिणींसाठी मरेपर्यंत राबते. का? रक्त! "तुजां रगत थंय आसा. हांगा तुजां कोण? तू जा."

सावित्रीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरां," म्हणाली आणि ट्रंक भरायला गेली. निघताना तिने डबा मास्तरांच्या हातात दिला. "सांजची माकडां येतत. वाजवा."

मास्तरांनी तो वाजवला नाही. रोज डबा मांडीवर घेऊन बसत आणि माकडं केळी खाताना बघत राहत. बारशांना जाणं बंद झालं. गावातल्या आज्यांना चुकल्यासारखं वाटू लागलं आणि मला फार वाईट वाटलं.

एका सोमवारी मास्तर मला देवळात दिसले. मी खांबाआड उभा राहून बघू लागलो. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, भटाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "पाणी सुकता, पाकळी पडता, देवाक कित्याक लुडबुडयतास?" असं वर्षानुवर्षं म्हणणारे मास्तर कौलाला बसले होते.

"कित्यां विचारू?" भटाने विचारलं.

"मनात आसा," मास्तर पुटपुटले.

"मनातलां देवाक कळता, मास्तर. पण कौल मोठ्यान विचारूची रीत आसा."

देवळात सरपंच होते, दुकानदार होता, निम्मं गाव होतं. मास्तरांनी भटाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि भटाने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचां घर खावक उठलां. सावित्री परत येयत तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. सर्वांत मोठा आवाज सरपंचांचा होता.

डावी पाकळी पडली.

मास्तर उठले, चष्मा पुसला. "डाव्या वटेन जनेल आसा," ते खिडकीकडे बोट करून म्हणाले. "वाऱ्यान पाणी आदी सुकलां. ह्येच्यात देवाचो संबंध ना." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर ते पिशवी घेऊन उभे होते. पिशवीतून माकडांनी शिल्लक ठेवलेली केळी डोकावत होती. मला पेजेचा जुना हिशेब चुकता करायचा होता. मी म्हटलं, "वास्कोला? मास्तर, हे पण झाडावरचंच ना?"

ते चिडले नाहीत. "न्हय रे," म्हणाले. "झाडावयलां आपसूक घडता. ह्येका बशीन जावक लागता."

सावित्री लगेच आली नाही. बाळ पालथं पडू लागल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. म्हणून मास्तरही आले नाहीत. बसचा कंडक्टर सांगायचा, दोघं वास्कोला पडवीत बसून भांडतात, आणि मास्तरांचं बोट बाळाच्या मुठीत असतं.

तोवर रोज सांजवेळी मी त्यांच्या केळीत उभा राहून डबा बडवत होतो. कुंपणापलीकडून बायको विचारायची, "अहो, मास्तर तुमचे कोण लागतत?"

मी डबा आणखी जोरात बडवायचो.