नाण्यातला ऐब

आमचे शेजारी दिगूकाका हातात सुट्टे पैसे पडले की आधी नाण्यांचं तोंड बघतात, मग देणाऱ्याचं. सेलूतले दुकानदार तर त्यांना लांबून बघूनच गल्ला ओढून घेतात.

काकांना नाद जुन्या नाण्यांचा, त्यातही बिघडलेल्या. टाकसाळीत ठसा तडकला, अक्षराचं शेपूट तुटलं, की काका खूश. “साफ माल कोणीबी ठेवतंय ओ. ऐब बघा, ऐब!” बायकोच्या वरणातला ऐब मात्र ह्याच माणसाला एक दिवस चालत नाही.

फोटो काढणं म्हणजे तर यज्ञच. गच्चीवर काळं ब्लाउजपीस, त्यावर नाणं, मोबाइलला चिकटवलेलं भिंग आणि उन्हाला आडवं काकांचं जुनं धोतर. “हलू नका! श्वास रोखा!” अहो, नाणं कुठं पळून चाललंय? पण रोखतो बापडे. माझ्या पोरीच्या साखरपुड्यात तर ओवाळणीच्या ताटातला जुना रुपया उचलून हे मांडवाबाहेर पळाले. व्याही माझ्याकडे असे बघायला लागले की विचारू नका! काकांच्या मोबाइलमध्ये त्या रुपयाचे फोटो ढीगभर आहेत, नवरीचा एकही नाही.

गंमत म्हणजे ऐब शोधायच्या काकू. त्यांचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला, पण दुसरा घारीचा. तांदळातले खडे वेचावेत तशा सुपात नाणी पसरून वेचायच्या. काका नुसते फोटोवाले, पण मिरवायचे तेच.

मागच्या दिवाळीनंतर काकूंनी एक नाणं बाजूला टाकलं. “हे साफ हाय ओ.” त्यावरची चीर मला चष्म्याशिवाय दिसत होती. संध्याकाळी काका माझ्या ओट्यावर येऊन बसले. “मोतीबिंदू असंल ना? हाच एक डोळा हाय तिला,” म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठून गेले.

परभणीला ऑपरेशन झालं. मीही सोबत होतो. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डॉक्टरांनी बोटं दाखवली, काकूंनी बरोबर सांगितली. पण काकांचं समाधान होईल तर शपथ! “बोटं कोणीबी सांगतंय साहेब,” म्हणत त्यांनी खिशातून भिंग आणि निजामाच्या काळातला एक चारमिनारी रुपया काढून काकूंपुढं धरला. “बघ बरं.”

काकूंनी बघितलं. पुन्हा बघितलं. “एकेक मिनार दोनदा दिसायलाय ओ. एकाला एक चिकटून.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “दोनदा?” म्हणत ते बॅटरी शोधायला लागले. इकडे काका मटकन बाकावर बसले आणि टोपीत तोंड खुपसून ढसाढसा रडायला लागले. गेला, हाही डोळा गेला, असंच वाटलं मला.

“दोनदाच हाय साहेब!” हुंदक्यातून काका म्हणाले. “ठशातच दोनदा उमटलंय. ऐब नाण्यात हाय, तिच्या डोळ्यात न्हाई!”

अख्खा वॉर्ड गोळा झाला. काकू बिचाऱ्या लाजून चूर. “गप बसा की ओ आता. लोक बघायलेत.”

“बघू दे,” काका म्हणाले. “तुला दिसायलेत ना?”