आपोआप संध्याकाळ

"या घरातली संध्याकाळ यापुढे आपोआप होईल," असं त्याने सकाळच्या चहाला जाहीर केलं.

बायको पावाला लोणी लावत होती. तिने सुरी थांबवली आणि विचारलं, "आत्तापर्यंत कशी होत होती?"

प्रश्न चोख होता, पण असल्या प्रश्नांनी खचणारा माणूस तो नव्हे. प्रकाशकांची प्रुफं तपासणं हा त्याचा धंदा. दिवसभर घरीच कॉम्प्युटरपुढे बसून तो दुसऱ्यांच्या चुका काढत असे. त्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची प्रणाली होती, आणि लिनक्स किती थोर आहे हे त्याने जिन्यात, गच्चीवर आणि एकदा तर स्मशानातून परत येताना लोकांना इतकं ऐकवलं होतं की अख्खी इमारत त्याला पेंग्विन म्हणायची. कारण लिनक्सचं बोधचिन्ह पेंग्विन. त्याला या नावाचा रागही नव्हता. उलट थोडी ऐटच होती.

बेत असा होता. सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्याची थीम, म्हणजे रंगसंगती, उजळ व्हावी, मागे उगवत्या सूर्याचं चित्र यावं. संध्याकाळी सगळं काळसर, डोळ्यांना गार वाटेल असं व्हावं. आणि हे सगळं आपोआप, वेळेवर, कुणी माऊसला हातही न लावता.

"पण ते बदलायचं बटण आहे ना तिथे? एक बटण दाबायला काय होतं?" बायको म्हणाली.

मैफलीत बसलेल्या गवयाला 'त्यापेक्षा रेडिओ लावला तर' असं विचारल्यावर तो जसा बघेल, तसं त्याने तिच्याकडे बघितलं. मग एक बटण दाबण्याचे कष्ट वाचावेत म्हणून तो आठवडाभर कामाला लागला.

बायकोला काळजी वाटावी याला कारण होतं. ती इंटिरिअर डिझायनर. कंपनीतली नोकरी सोडून तिने नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि पहिलंच मोठं काम दाराशी येऊन उभं होतं. एका वृद्धाश्रमाचा बैठकीचा हॉल नव्याने सजवायचा होता. तिथल्या संचालिकाबाई कॉम्प्युटरवरून तिच्याशी बोलून निर्णय देणार होत्या. आणि घरात कॉम्प्युटर एकच, तो पेंग्विनचा. मागे एकदा त्याने प्रिंटर सुधारला होता. तेव्हापासून तो प्रिंटर प्रत्येक पान आरशात बघितल्यासारखं उलटं छापत होता.

"ही बैठक हातची गेली तर मला पुन्हा त्या कंपनीच्या दारात जावं लागेल," तिने स्पष्ट सांगितलं. "त्या दिवशी काही बिघडलं तर तुझा पेंग्विन माळ्यावर. मग मी चारचौघांच्या घरी असतो तसा कॉम्प्युटर आणीन, आणि तू त्याच्यावर गुपचूप काम करशील."

त्याने छातीवर हात ठेवून वचन दिलं.

आता अप्पांविषयी. अप्पा म्हणजे पेंग्विनचे वडील. त्यांनी आयुष्यभर एका कारखान्यात भोंगा दिला. भोंगा द्यायचा म्हणजे साखळी हाताने ओढायची. त्यांनी साखळी ओढली की शेकडो माणसं आत जायची, पुन्हा ओढली की बाहेर यायची. मग कारखान्याने आपोआप वाजणारा भोंगा आणला आणि अप्पांना हार घालून घरी पाठवलं. नव्या भोंग्याने पहिल्याच आठवड्यात सुटीच्या दिवशी आवाज दिला आणि अर्धा गाव डबे घेऊन फाटकाशी उभा राहिला, ही गोष्ट अप्पा फार चवीने सांगत. गोष्ट संपली की मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. दिवसभर ते हॉलमध्ये आरामखुर्चीत बसून असत. त्यांना वेळ अजून मिनिटामिनिटाने कळत होती, पण ती सांगायला कोणी उरलं नव्हतं, आणि हे त्यांना फार लागलं होतं.

थीम वेळेवर बदलते की नाही हे बघायला पेंग्विनला एक साक्षीदार हवा होता. अप्पांची खुर्ची पडद्यासमोरच होती. त्याने सहज विचारलं, "अप्पा, पडदा काळा झाला की मला हाक माराल?"

अप्पांनी खुर्ची सरळ केली, चष्मा पुसला आणि बसले. ठरल्या वेळी पडदा काळा झाला. अप्पा उठून उभे राहिले आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "संध्याकाळ!"

मग त्यांनी दिवे लावले आणि खिडक्या ओढून घेतल्या. सकाळी कॉम्प्युटरचा पडदा उजळला तेव्हा त्यांनी खिडक्यांवरचे पडदे सारले, खिडक्या उघडल्या, रेडिओ लावला आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन इमारतीचा पाण्याचा पंप सुरू केला. तो पंप सुरू करणं हे सगळ्यांचं काम होतं, म्हणजे कोणाचंच नव्हतं. टाकी अर्ध्याहून अधिक दिवस कोरडी असायची. आता ती रोज सकाळी भरू लागली. लोक जिन्यात थांबून अप्पांना नमस्कार करू लागले. वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाई, ज्या कोणाचं कौतुक करण्याआधी दोनदा विचार करायच्या, त्यासुद्धा म्हणाल्या की या घराला शिस्त आली. अप्पांची भूक वाढली. बायकोनेही कबूल केलं की संध्याकाळी डोळे चुरचुरत नाहीत.

आणि इथेच पेंग्विनला यश चढलं.

दिवस लहान होत चालले होते. बाहेर अंधारून यायचं तरी पडदा आपला ठरल्या वेळेची वाट बघत उजळ राहायचा. हे त्याच्या मनाला टोचू लागलं. खरी संध्याकाळ सूर्य करतो, घड्याळ नव्हे. तेव्हा कॉम्प्युटरनेच रोज सूर्याचा हिशेब मांडावा आणि त्याप्रमाणे रंग बदलावा. त्यासाठी आपलं घर पृथ्वीवर नेमकं कुठे आहे, ते अक्षांश-रेखांशाच्या दोन आकड्यांत सांगायचं, एवढंच. अप्पांसाठी म्हणून त्याने पहाटेला कोंबड्याचं आरवणंही जोडलं.

हे सगळं त्याने बैठकीच्याच दिवशी सकाळी केलं. बायको अंघोळीला गेली होती, अप्पा पंप सुरू करून खाली फिरायला. तो मोह कोणाला आवरला असता कोण जाणे, त्याला आवरला नाही.

त्याने आकडे टाकले आणि शेवटची कळ दाबली. त्याबरोबर भर सकाळी पडदा काळा झाला, मागे चांदण्या आल्या. तो पुढे काही करणार, एवढ्यात केस पुसत बायको बाहेर आली.

"काय केलंस?"

"काही नाही. तो सूर्याशी बोलतोय. जरा वेळ लागेल."

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "काळं तर काळं. माझी चित्रं दिसतायत, तेवढं पुरे. आता तू या टेबलाच्या जवळ आलास तर बघ."

तो कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. दुसऱ्यांच्या पुस्तकांतला एकेक स्वल्पविराम वेचून काढणारा हा माणूस, स्वतःच्या दोन आकड्यांवरून मात्र त्याने पुन्हा नजर फिरवली नव्हती. तो मनातल्या मनात घर, पृथ्वी आणि सूर्य यांची मांडणी करत राहिला.

दुपार कलली. पडद्यावर चकाकी येऊ नये म्हणून बायकोने हॉलच्या खिडक्यांचे सगळे पडदे ओढून घेतले. अप्पा जेवून आरामखुर्चीत झोपले होते. त्यांना उठवणं तिला बरं वाटलं नाही, म्हणून तिने कॅमेरा थोडा वळवला. बैठक सुरू झाली. संचालिकाबाई शांत आणि नेमकं बोलणाऱ्या होत्या. त्यांना बसायची रचना आवडली, कठड्यांची उंची आवडली. स्टुलावर पेंग्विनचा श्वास जरा मोकळा झाला.

मग बाईंनी चष्मा काढला. "खरं दुखणं वेगळंच आहे," त्या म्हणाल्या. "आमचे आजी-आजोबा दुपारी झोपून उठतात आणि त्यांना कळत नाही, सकाळ आहे की संध्याकाळ. भिंतीवर घड्याळ आहे, पण साडेपाच वाजले म्हणजे कुठले साडेपाच? काहीजण घाबरतात, काहीजण तर रडतात. बाकी सजावट काय, कोणीही करेल. यावर तुमच्याकडे काही आहे का?"

दिव्यांबद्दल बायको काहीतरी बोलली आणि ते बोलणं आपल्यालाच पटत नाही हे तिच्या तोंडावर दिसलं. काम हातचं जाताना पेंग्विन उघड्या डोळ्यांनी बघत होता.

त्याच क्षणी कोंबडा आरवला.

पडदा झळाळून उठला, आणि पडदे ओढलेल्या त्या अंधाऱ्या हॉलमध्ये सोनेरी सूर्य उगवला. पेंग्विनने कपाळावर हात मारला. त्याला आत्ता उमगलं की रेखांशाच्या आकड्याआधी, नको त्या ठिकाणी, त्याने उणे चिन्ह टाकलं होतं. पूर्वेची पश्चिम झाली होती आणि त्यांचं घर पृथ्वीच्या पाठीमागे जाऊन पडलं होतं. तिथे आत्ता पहाट होत होती.

अप्पा जागे झाले. कोंबडा ऐकला, सूर्य बघितला, आणि त्यांना शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. "सकाळ!" असा खणखणीत पुकारा करून ते उठले, कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत गेले आणि रेडिओ लावला. निवेदक शेतीचे बाजारभाव सांगू लागला. पेंग्विन त्यांना अडवायला धावला, पण स्टुलाच्या पायात अडकून गुडघ्यावर आला आणि संचालिकाबाईंना तो प्रथम दिसला तो असा, रांगताना. तोवर अप्पा पॅसेजमध्ये जाऊन पंपही सुरू करून आले होते.

टाकी सकाळीच काठोकाठ भरलेली होती. अप्पांनी येऊन पडदे सारले, खिडकी उघडली, तर बाहेर लख्ख ऊन आणि बायकोच्या डोक्यामागच्या खिडकीबाहेर, वरच्या टाकीतून ओसंडणाऱ्या पाण्याची धार.

"तुमच्याकडे पाऊस पडतोय?" संचालिकाबाईंनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की पेंग्विनला माळ्याचं दार उघडल्याचा भास झाला.

खिडकीशी अप्पा थबकले होते. त्यांनी उन्हाकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. आपलं चुकलं हे त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. आधी ते पंप बंद करून आले. मग खुर्ची ओढून सुनेच्या शेजारी बसले आणि पडद्यातल्या बाईंना त्यांनी नमस्कार केला.

"सूनबाईचा दोष नाही," ते म्हणाले. "मी झोपून उठलो आणि मला सकाळ वाटली. रोज हा पडदा मला सांगतो, आणि तो रोज खरं सांगतो. उजळला की सकाळ, काळा झाला की संध्याकाळ. घड्याळात बघावंच लागत नाही. आज तो चुकला."

संचालिकाबाई पुढे सरकल्या. "रोज खरं सांगतो? आणि मग तुमचा गोंधळ होत नाही?"

"एकदाही नाही. आज झाला तो यंत्राचा. आपोआप चालणारं कधीतरी चुकणारच, मी भोंग्यावर आयुष्य काढलंय. शेजारी एक माणूस हवा, आणि त्याच्या हाताशी एक बटण हवं."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग हसल्या, आणि हसताना त्यांनी डोळे पुसले. "मला हेच हवंय," त्या म्हणाल्या. "हॉलच्या भिंतीवर असा मोठा पडदा. सकाळी सूर्य, संध्याकाळी चांदण्या. आणि हे आजोबा येतील का, असा पुकारा करायला?"

काम मिळालं. अख्खा हॉल मिळाला, वरून पुढच्या इमारतीचा शब्दही मिळाला. बायकोने कॉम्प्युटर बंद केला, आणि ती नवऱ्याकडे वळली. मग म्हणाली, "पेंग्विन राहू दे खाली." त्या घरात यापेक्षा मोठा सत्कार कोणाचा झालेला नव्हता.

यथावकाश हॉल सजला. भिंतीएवढा पडदा लागला. या खेपेला पेंग्विनने आकडे स्वतः तपासले, बायकोकडून तपासून घेतले आणि वकिलीणबाईंनाही दाखवले. पडद्याखाली अप्पांच्या सांगण्यावरून एक मोठं लाल बटण बसवलं. त्यातून साखळी लोंबत असावी असाही अप्पांचा आग्रह होता, पण तो सुनेने मोडून काढला.

पहिल्या संध्याकाळी सगळे आजी-आजोबा खुर्च्या मांडून बसले होते. अप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात बटणाशी उभे राहिले, खिडकीतून एकदा बाहेर बघितलं आणि बटण दाबलं. भिंतभर चांदण्या पसरल्या. "संध्याकाळ!" अप्पांनी पुकारलं, आणि सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, "संध्याकाळ!" टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालिकाबाईंनी सुनेचा हात हातात घेतला. अप्पा इतके ताठ उभे होते, जणू बाहेर शेकडो माणसं त्यांच्या आवाजाची वाट बघत होती.

मागच्या रांगेत पेंग्विनच्या शेजारी एक आजी टाळ्या वाजवत होत्या. त्याला राहवलं नाही. तो त्यांच्या कानाशी वाकला आणि हे सगळं मुळात आपण केलंय, सूर्याचा हिशेब, थीम, सगळं आपोआप चालतं, असं सांगू लागला. ते खरंही होतं. आपोआप चालणारी ती सगळी व्यवस्था तिथे होती आणि ती आजही अचूक चालते. फक्त अप्पा दरवेळी तिच्या अर्धा मिनिट आधी बटण दाबतात. मग ती व्यवस्था वेळेवर येते, संध्याकाळ झालेली आहे असं बघते आणि परत जाते.

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच्या गुडघ्यावर मायेने थोपटलं आणि विचारलं, "पण बाळा, बटण तर ते दाबतायत. मग तू काय केलंस?"