नेमून दिलेली जागा

भोकरवेल नगरपरिषदेच्या संगणकातल्या तक्रारींच्या फोल्डरची विंडो आपली जागा आणि आकार विसरली, तो सोमवार होता. आदल्या शनिवारी संध्याकाळी संगणक चालक हेमलता वाकळे हिने ती स्वतःच्या हाताने खालच्या उजव्या कोपऱ्यात, चार बोटं रुंद आणि तीन बोटं उंच करून ठेवली होती. सोमवारी सकाळी ती पडदाभर उघडली.

इतर विंडोही अधूनमधून विसरत, पण त्या सरळमार्गी. बांधकामाची विंडो पुन्हा जागेवर नेली की दोन आठवडे हलत नसे. जन्म-मृत्यूची तर बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, एकदा सांगितलं की डाव्या कडेला जाऊन बसे. तक्रारींची मात्र रोज संध्याकाळी चार बोटांची होई आणि रोज सकाळी पडदाभर.

एरवी कुणी लक्ष दिलं नसतं. पण संगणकाचं तोंड दरवाजाकडे होतं आणि आत येणाऱ्या माणसाला पहिली दिसे ती तक्रारींची रांग. नवे मुख्याधिकारी रणनवरे यांनी रुजू झाल्या दिवशीच हे पाहिलं आणि विंडोची जागा व आकार ठरवून देणारा आदेश काढला. आदेशाला जावक क्रमांक होता, तारीख होती, साहेबांची सही होती. आणखी काय हवं असतं एखाद्या विंडोला?

जिल्ह्याहून संगणकाचा जाणकार बोलावला. त्याने अर्धा दिवस तपासून संगणक ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग विंडोची स्मरणशक्ती पाहिली. कुंभारआळीतल्या तुंबलेल्या गटाराची चौदा वर्षांपूर्वीची तक्रार विचारली, ती तिने क्षणात काढून दिली. तक्रारदाराचं नाव, वडिलांचं नाव, गटाराची लांबी, सगळं जिथल्या तिथे. जाणकाराने अहवालात लिहिलं की विंडोला बाकी सगळं आठवतं, नेमून दिलेली जागा तेवढी आठवत नाही. अहवाल ठेवून तो चहाही न घेता निघून गेला.

तेव्हा साहेबांनी विंडोवर कारणे दाखवा नोटीस काढली. कार्यालय अधीक्षक टेकाडे तेहतीस वर्षं नोकरीत मुरलेला माणूस. त्यांनी पाणीपट्टीचा वसुली कारकून आणि समोरचा चहावाला असे दोन पंच बोलावले आणि पडद्यासमोर उभं राहून नोटीस मोठ्याने वाचली. विंडोने ती स्वीकारली नाही. कुणी नोटीस घेत नसेल, तर पंचांसमक्ष ती त्याच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणी डकवावी असा नियमच आहे. टेकाडेंनी ती डिंक लावून पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात डकवली, पंचनामा केला आणि पट्टीने मोजून विंडोची लांबी-रुंदी त्यात लिहिली.

दुसऱ्या दिवशी विंडो पडदाभर उघडली. तिची चार बोटं नोटिशीखाली गेली, बाकी सगळी बाहेर. खुलाशाची सात दिवसांची मुदत संपली, तरी ती ढिम्म होती.

आता हेमलताविषयी. ती अकरा वर्षं कंत्राटी होती. कायम माणसांच्या सह्या टेकाडेंच्या टेबलावरच्या हजेरीपुस्तकात होत. कंत्राटींसाठी एक दोनशेपानी वही होती, ती पाण्याच्या माठाजवळच्या स्टुलावर असे आणि पाणी सांडून तिची पानं फुगलेली असत. हेमलताला आयुष्यात फार काही नको होतं. तिला हजेरीपुस्तकात एक ओळ हवी होती, कोरडी. तिला कायम करण्याची फाइल दीड वर्षापासून साहेबांच्या कपाटात होती आणि त्या कपाटावरून जाताना ती दर वेळी त्याच्या कुलपाकडे पाहून घेई.

बुधवारी साहेबांनी तिला आत बोलावलं. टेबलावर डाव्या हाताला तिची फाइल होती, उजव्या हाताला एक टाइप केलेला जबाब आणि मध्ये पेन. गुरुवारी विभागीय तपासणी आहे, असं साहेब म्हणाले. जबाबात लिहिलं होतं की तक्रारींची विंडो नेमून दिलेल्या जागी व आकारातच राहते आणि आजवर जे घडलं ते संगणक चालकाच्या हयगयीमुळे घडलं. तपासणीच्या वेळी संगणक बंद ठेवायचा आणि हा कागद पुढे करायचा, असा बेत होता.

"तुम्ही इथे सही करा, मी तिथे करतो," साहेब म्हणाले. "सोमवारपासून तुमचं नाव हजेरीपुस्तकात."

हेमलताने उद्या सकाळपर्यंतचा वेळ मागितला. साहेबांनी तो दिला, कारण नाही म्हणेल अशी बाई ती त्यांना वाटली नव्हती. खरं सांगायचं तर तिलाही वाटली नव्हती. घरी जाताना तिने सही कशी करायची तेही ठरवून टाकलं, बारीक, आडनावासकट, ओळीबाहेर न जाणारी.

गुरुवारी ती साडेनऊला आली. जबाबावर जावक क्रमांक घालायचा म्हणून तिने संगणक सुरू केला. विंडो उघडली, पडदाभर. वरच रोज असे ती नळाची तक्रार आज नव्हती. पहिल्या ओळीत तक्रार क्रमांक ६१४ होती, अकरा वर्षांपूर्वीची: कंत्राटी कर्मचाऱ्यांची नावे हजेरीपुस्तकात नसणेबाबत. तक्रारदार, हेमलता भगवान वाकळे. शेरा, कार्यवाही सुरू.

लागल्यावर तिसऱ्याच महिन्यात तिने ती स्वतः टाइप केली होती. पुढे ती साफ विसरून गेली. माठाजवळच्या वहीत सही करायला मात्र ती एक दिवस विसरली नाही. याचा तिला असा काही राग आला की कानशिलं तापली. विंडोचा नाही, साहेबांचाही नाही, स्वतःचाच.

ती उठली. टेकाडेंच्या टेबलावरचं हजेरीपुस्तक तिने ओढून घेतलं आणि पानाच्या बरोबर मधोमध सही केली. सहीने चार ओळी घेतल्या.

टेकाडेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वाकळेबाई, तुमची वही तिकडे. माठाजवळ."

"आठवत नाही," हेमलता म्हणाली.

"अकरा वर्षं तिथेच सही करताय."

"तेही आठवत नाही. बाकी सगळं आठवतं."

टेकाडेंनी खणातून पट्टी काढली आणि सही मोजली. साडेचार इंच भरली. त्यांनी पंचांना बोलावणं पाठवलं. तोवर साहेब आले, त्यांनी पुस्तक पाहिलं, सहीविना राहिलेला जबाब पाहिला आणि तिथल्या तिथे नोटीस काढली. ती हेमलताला पंचांसमक्ष वाचून दाखवण्यात आली. तिने ती स्वीकारली नाही. मग नियमाप्रमाणे ती तिच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणी, म्हणजे माठाजवळच्या वहीवर डकवण्यात आली. डिंक ओल्या पानांना नीट धरेना, म्हणून चहावाल्याने वर पेला ठेवला.

तपासणी अधिकारी दुपारी बारा वाजता आले. संगणक सुरूच होता, तो बंद करायचं काम जिचं होतं तिला ते आठवलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी दारातूनच तक्रारींची रांग पाहिली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर दीड तास बसले. मग हजेरीपुस्तक मागवलं. मधल्या सहीवर बोट ठेवून त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

साहेबांनी टेकाडेंकडे पाहिलं. टेकाडेंनी दोन्ही पंचनामे पुढे ठेवले. "दोन प्रकरणं आहेत," ते म्हणाले. "दोघींना जागा आठवत नाही. मापं घेतली आहेत."

अधिकाऱ्यांनी मापं वाचली, बरोबर असल्याची खूण केली आणि खाली सही करून पुढच्या नगरपरिषदेला निघाले. हेमलताची फाइल कपाटातच राहिली.

शुक्रवारी ती दहाला पाच कमी असताना आली. टेकाडेंनी हजेरीपुस्तक उघडून तिच्याकडे वळवून ठेवलं होतं आणि पानाच्या मधोमध तिच्यासाठी चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. त्या पुरल्या नाहीत.