परबकाका आणि रुसलेला चार्जर

बिघडलेल्या वस्तूला हात लावण्याआधी परबकाका एकच प्रश्न विचारतात. "घरात भांडण झालं होतं का?"

पहिल्यांदा मी चक्रावलो होतो. आमचा मिक्सर बंद पडला म्हणून तो घेऊन मी त्यांच्या दारात उभा होतो. काकांनी मिक्सरला कान लावला, डोळे मिटले आणि मला हा प्रश्न केला. मी नाही म्हणालो. मागे उभ्या असलेल्या माझ्या बायकोने, स्मिताने, "परवा झालं होतं," असं खरं खरं सांगून टाकलं. काकांनी समाधानाने मान हलवली. "तरीच. मेलो नाय हा, रुसलो हा."

हे त्यांचं ठरलेलं निदान. काका मूळचे मालवणकडचे. कांदिवलीच्या एका औषधकंपनीच्या गोदामात त्यांनी नोकरी केली आणि रिटायर झाल्यापासून ते दुरुस्त्या करतात. एरवी बोलतात तुमच्याआमच्यासारखंच. पण बिघडलेली वस्तू समोर आली की मालवणीतूनच. त्यांच्या मते कुठलीही वस्तू मरत नाही. ती रुसते. कुणीतरी तिला आपटलेलं असतं, नाहीतर तिच्यासमोर कुणीतरी कुणालातरी तोडून बोललेलं असतं. आणि घरात भांडण झालेलं नाही असं घर आमच्या सोसायटीत नसल्यामुळे त्यांचं निदान कधीच चुकत नाही.

दुरुस्ती चुकते. आमची दारावरची बेल त्यांनी नीट केली, तेव्हापासून ती दाबली की समोरच्या डिसोझांकडे वाजायची. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना डिसोझाच आत घेत, पाणी देत आणि मग आमच्याकडे पाठवत. काम संपल्यावर दोन-चार स्क्रू उरतातच. विचारलं तर म्हणतात, "कंपन्या जरा जास्तच घालतात. उगाच वजन."

असा माणूस सोसायटीच्या बग्गीचा चार्जर दुरुस्त करायला निघाला, तेव्हा लोक धास्तावले ते उगाच नव्हे.

आमची सोसायटी बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर आहे. गेट खाली आणि आमची विंग सगळ्यात वर. मधला रस्ता असा चढाचा, की भाजीची पिशवी घेऊन वर येणारा माणूस दोनदा तरी थांबतो आणि फोन आल्याचं नाटक करतो. बिल्डरने गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायला एक जुनी गोल्फ कार्ट आणली होती. फ्लॅट विकले गेले आणि बिल्डर ती तिथेच सोडून गेला. आमच्याकडे गोल्फ कुणी जन्मात खेळलेलं नाही, पण म्हाताऱ्या माणसांची त्या गाडीने मोठी सोय केली. वॉचमन यादव ती चालवायचा. गुडघ्यांनी हैराण झालेली माझी आई तिला बग्गी म्हणायची आणि रोज संध्याकाळी तिच्यात बसून गेटजवळच्या बाकावर मैत्रिणींना भेटायला जायची.

मग यादवचे वडील आजारी पडले म्हणून तो गावी गेला, तो बरेच दिवस आला नाही. बग्गी पार्किंगमध्ये पडून राहिली. तो परत आला, त्याने चार्जर लावला, तर चार्जर ढिम्म. बाजारातला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "असला चार्जर आता मिळत नाही. सगळीच भंगारात द्या." सेक्रेटरी मेहताभाईंनी भंगारवाल्याशी बोलणंही केलं. रविवारच्या मीटिंगमध्ये मंजुरी घ्यायची, की सोमवारी गाडी उचलायची.

आईने हे ऐकलं आणि टीव्हीकडे बघतच म्हणाली, "गाडीबरोबर मलाही देऊन टाका. नाहीतरी घरातच बसून आहे."

त्याच दिवशी परबकाकांनी मेहताभाईंना गाठलं. "रविवारपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. सोसायटीची प्रॉपर्टी आहे. मी बघतो."

"काका, आग-बिग नाही ना लागणार?" मेहताभाईंनी विचारलं.

"लागली तर विझवू," काका म्हणाले.

चार्जर म्हणजे एक लोखंडी पेटी, वर काट्याचा मीटर, आणि वजन एवढं की आम्ही तो सामानाच्या ट्रॉलीवरून ओढत पार्किंगमधल्या टेबलापर्यंत नेला. मी घरून काम करतो. म्हणजे काकांच्या भाषेत मी रिकामा असतो. त्यामुळे टॉर्च धरायला मीच. त्यांनी पेटीला कान लावला. मी आधीच सांगून टाकलं, "सोसायटीत भांडण झालंय. पाण्यावरून."

"मग बरोबर," म्हणून त्यांनी पत्रा उघडला.

आत धूळ, पालीची अंडी आणि टोकाशी जळून काळी पडलेली एक वायर. काकांना हर्ष झाला. वायरचं टोक कापलं, नवं बसवलं, फ्यूज बदलला, सगळं पुसून काढलं आणि पूर्ण वेळ त्या पेटीशी गप्पा मारल्या. "वायच थांब हां. झालाच. किती तो राग." मी मध्ये काही सुचवलं की मला मात्र "तुका काय कळता?"

पेटी बंद करून चार्जर बग्गीला जोडला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा उघडला, पुन्हा जोडला. काही नाही. या वेळी एकही स्क्रू उरला नव्हता, तरीही काही नाही. शनिवार दुपारपर्यंत हेच चाललं. येणारेजाणारे थांबत, बघत आणि मान हलवून निघून जात. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

काका खुर्चीत बसले. चष्मा काढून हातात धरला आणि अगदी हळू मला म्हणाले, "मेलो काय रे?"

पुढे 'नाय' न लावता हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मिक्सर किंवा इस्त्रीच्या बाबतीत मी हसलो असतो. तेव्हा हसता आलं नाही. एक चार्जर या माणसाला एवढा का लागावा, तेही कळेना.

मी मोबाइल काढला आणि असले जुने चार्जर दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या व्हिडिओत एक गोरा आजोबा सांगत होता की हा चार्जर बॅटऱ्या पूर्ण उतरल्या असतील तर सुरूच होत नाही. बॅटरीकडून थोडा तरी करंट आला, तरच आतला स्विच टक् करून लागतो. म्हणजे चार्जर केव्हाच बरा झाला होता. यादव गावी असताना बॅटऱ्या पार उतरल्या होत्या, तिथे घोडं अडलं होतं.

मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "म्हणजे हा म्हणतो तू आधी बोल, आणि ती म्हणते तू आधी बोल."

"तसंच."

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय?" असं म्हणून ते ताडकन उठले.

डिसोझांकडे मोटारीची बॅटरी चार्ज करायचा छोटा चार्जर होता. बग्गी ढकलून मोकळ्यावर आणली, सीट उचलली, बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि त्या लहान चार्जरने दोन-दोन बॅटऱ्यांना थोडं थोडं पाजत बसलो. आजारी माणसाला चमच्याने पेज भरवावी तसं. रविवारी मीटिंगची वेळ झाली, मेहताभाई कागद घेऊन खाली आले, तेव्हा काकांनी मोठा चार्जर जोडला.

टक्.

मग घूंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि मीटरचा काटा हळूहळू वर चढला. मेहताभाई वाकून काट्याकडे बघत म्हणाले, "चालू थई गयुं?" कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, तो मला ऐकू आला. आई वर गॅलरीत उभी होती. मी हात केला. ती आत गेली, ती चप्पल शोधायलाच.

मंगळवारी सकाळी काकांचा फोन आला. "जरा खाली ये. मदत हवीय."

खाली बग्गी उभी होती आणि मागच्या सीटवर परबकाकू बसल्या होत्या. पावसाळ्याच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. त्यानंतर त्यांना घराबाहेर आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर म्हणाले बाहेर न्या. एकदा व्हीलचेअरवरून निघालो, तर उतारावर मला ती आवरेना. ही घाबरली. पुन्हा काही तयार होईना. तू शेजारी बस, धर हिला."

मी बसलो. काका यादवशेजारी पुढे. गाडी सावकाश गेटपर्यंत उतरली.

गेटबाहेर गोराईची कोळीण पाटी घेऊन बसते. काकूंना बघून ती उठलीच. "वैनी, किती दिवसांनी गं." आणि पाटी उचलून तिने बग्गीपाशी आणली. काकूंनी डाव्या हाताने एका बांगड्याचा कल्ला उचलून आत पाहिलं आणि तो बाजूला सारला. दुसरा पाहिला, तोही सारला. मग पाटीच्या तळाकडे बोट दाखवलं. कोळिणीने ओशाळून खालचे ताजे बांगडे वर काढले. काकूंनी भाव म्हणून तीन बोटं दाखवली, कोळीण नको नको म्हणाली, काकूंची बोटं तीनच राहिली.

"इतके महिने ही बाई मला काय काय देत होती, ते आज कळलं," काका म्हणाले.

"तुम्हाला कुठं कळतंय काका," कोळीण म्हणाली.

पिशवी घेऊन काका गाडीत चढणार, तेवढ्यात यादव चाचरत म्हणाला, "काका, गाडीत मच्छी नाय चालत. मेहताभाई बोलतील."

एरवी या वाक्यावर काकांनी यादवशी, मेहताभाईंशी आणि कमिटीशी दुपारपर्यंत वाद घातला असता. ते फक्त म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही व्हा पुढे."

बग्गी चढाला लागली. मागची सीट उलट्या तोंडाची, त्यामुळे काकूंचं तोंड खालच्या रस्त्याकडे होतं. रस्त्यावरून काका येत होते, एका हातात बांगड्यांची पिशवी, दुसरा कमरेवर. मध्येच ते थांबले आणि खिशातून फोन काढून कानाला लावला. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मग काकूंचं तोंड एका बाजूने वाकडं व्हायला लागलं. मी घाबरून त्यांचा हात घट्ट धरला.

त्या हसत होत्या.