बिनडोळ्यांचे देव

भाऊकाका रेघ मारायला बसले की अख्ख्या घरानं श्वास धरायचा. त्यांच्या नव्हे हो, आमच्या! पेणला आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. तिच्यावर टकटक झाली की समजायचं, टाक शाईत बुडाला. मग कुकर बंद, खलबत्ता बंद, गल्लीत नुकतीच आलेली केबलसुद्धा बंद. एकदा मी विसरले. कुकरनं शिट्टी मारली आणि पलीकडे मारुतीच्या शेपटीला भलतीकडेच बाक आला. काका दारात हजर!

"शालन, तुझी डाळ शिजली गो, माझा मारुती कच्चा राहिला! शाईला मागं फिरता येत नाय, कळतं काय?"

काकांचे वडील हमरापूरला गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायचे. काकांनी माती सोडून कागद धरला. काळी शाई, टाक आणि पुराणातली माणसं. पण वडिलांचे दोन नियम कागदावरही पाळले. डोळे सगळ्यात शेवटी, नेणारा समोर आला की मगच. कारण डोळे उघडले की देव घरात थांबत नाही, निघतो. आणि देव मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. त्यामुळे काकांच्या भिंतींवर सगळा आंधळा दरबार. रावणाची दहाही तोंडं कोरी. आमच्याकडे आलेले पाहुणे तिकडे डोकावले की दचकायचे.

त्यात एक बाई होती, खांबाला डोकं टेकून बसलेली. काका सांगायचे, सीता. सीता कसली डोंबलाची! हनुवटीवरचा तीळ, कानामागे खोचलेला पदर, काकांची वाट बघत ओटीवर बसायची ती तऱ्हा... आमच्या विमलकाकीच त्या. त्या वारल्या आणि वर्षाच्या आत हे चित्र भिंतीवर आलं. काकांचा हात कापायला लागला तोही तेव्हापासूनच.

पुढं रोह्याच्या एका मंडळानं काकांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. टेम्पो दारात आला, आणि बघते तर काकांनी तेही चित्र बरोबर घेतलेलं!

"अहो काका, हे कशाला? कुणी मागितलं म्हणजे?"

"मग काय एकटीला घरात ठेवू?"

मला राहवेना, मीही टेम्पोत चढून बसले.

आणि व्हायचं तेच झालं. नागोठण्याकडच्या कुठल्याशा कंपनीचे मोठे साहेब आले होते. रावणबिवण सगळे सोडून नेमके काकींसमोर थांबले.

"ही सीता द्या आम्हाला. आमच्या आईला फार आवडेल."

मंडळाचे अध्यक्ष खूश. "काका, काढा डोळे! आम्हालाही बघू दे!"

मी काकांच्या कानाशी लागले, "नाही म्हणा ना!"

"देव मागितलाय गो त्यानं," काका पुटपुटले. चेहरा पांढराफटक.

चित्र टेबलावर आलं. कागद उडू नये म्हणून पंखे बंद केले. काकांनी टाक बुडवला, आणि हात असा काही थरथरायला लागला की मला बघवेना. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब फुगत होता. पडू दे, चित्र बिघडू दे, मग कोण नेतंय, असंही माझ्या मनात आलं. पण मग काकीच गेल्या असत्या की! मागं कुणीतरी खोकलं. मी असं बघितलं त्याच्याकडे की बिचारा बाहेरच गेला.

टाक कागदाला टेकला आणि हात थांबला. पापणीची एक रेघ, खाली झुकलेली. मग दुसरी. आता बुबुळं म्हणून सगळे पुढं वाकले. काकांनी टाक पुसला आणि दौतीला बूच लावलं.

"बुबुळं राहिली, काका," अध्यक्ष म्हणाले.

"ही सीता नाय. माझीच चूक झाली. ही ऊर्मिला हाय. लक्ष्मण वनातून येईपर्यंत चौदा वर्षं निजलेली." ते साहेबांकडे वळले. "डोळे उघडल्याबिगर नेता येत नाय हो."

साहेबांनी काकांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. "मग उठल्यावर येतो."

"या की! मी नाय कुठं म्हणतोय?"

साहेबांनी मग माझा कुकरवाला मारुती मागितला. त्याचे डोळे काकांनी झटक्यात काढून दिले.

येताना चित्र काकांच्या मांडीवर. पेणला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मी डाळतांदूळ धुतले, कुकर शेगडीवर ठेवला, तर भिंतीवर टकटक! अशी तणतणले मी! दिवसभर दमून आलेय, भुकेनं जीव चाललाय, आणि या माणसाला आता रेघ सुचते? तरातरा त्यांच्या दारात गेले.

टाक, दौत पिशवीतच होती. चित्र परत भिंतीवर लागलं होतं आणि काका त्याच्यासमोर नुसते बसले होते.

"शालन, आज कुकर नको गो लावू," ते अगदी हळू म्हणाले. "आत्ताच निजलीय ती."

मी घरी आले आणि डाळ पातेल्यात शिजवली, झाकण न वाजवता.