चोपन्न वर्षांचा एर्मेक

कारा-तेरेकच्या शाळेत बालवर्गाचा प्रवेश येत्या सप्टेंबरच्या वयावर ठरतो. म्हणून नव्या संगणकप्रणालीने पाच वर्षांच्या एर्मेकच्या वयात एक मिळवला. उत्तर आले चोपन्न.

यात संगणकाची चूक नाही. त्याच्या पोटात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. पाचाच्या चिन्हाचा क्रमांक त्रेपन्न. वय संख्या म्हणून न घेता चिन्ह म्हणून घेतले, की तो बिचारा क्रमांकातच एक मिळवतो.

“एजे, ताई, याचे अजून दुधाचे दात आहेत हो,” एर्मेकची आई सायकाल म्हणाली.

कारकून बुरुलबाईंनी एर्मेकच्या तोंडात डोकावून पाहिले. “पडायला लागलेत की. या वयात पडायचेच.” मग छातीवर हात ठेवून त्या उठल्या आणि आपली खुर्ची त्याला दिली. “बसा, अक्सकाल.” वडीलधाऱ्यांना उभे ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

सगळेच अर्जदार पन्नाशीपार निघाले. गावात मूल उरलेले नाही, असा निष्कर्ष काढून खात्याने बालवर्ग बंद केला आणि ती खोली अक्सकालांच्या पंचमंडळाला दिली. पंच अर्थातच हेच अर्जदार.

प्रणाली बनवणारा मेदेर धावत आला. “शून्याच्या चिन्हाचा क्रमांक वजा करायचा राहिलाय. अठ्ठेचाळीस. एका ओळीचं काम आहे.”

“अक्सकालांच्या वयातून वजाबाकी करतोस? लाज नाही वाटत?” बुरुलबाई म्हणाल्या. “त्यांची संमती आण. सहीनिशी.”

“सही कुठून येणार त्याला?” सायकाल म्हणाली. “अक्षरं बालवर्गात शिकवतात. तो तुम्ही बंद केलात.”

“म्हणजे निरक्षर?” बुरुलबाईंनी आवाज खाली आणला. “हळू बोल गं. पंचांची अब्रू जाईल.”

सायकाल बाहेरच्या रांगेकडे वळली. “तुम्ही तरी सांगा. काल तुमच्याच दारात चिखलात खेळत होता ना हा?”

रांगेने एर्मेककडे पाहिले, दारावरच्या पंचमंडळाच्या शिक्क्याच्या कागदाकडे पाहिले, टोप्या सावरल्या आणि आशीर्वादासाठी ओंजळी पुढे केल्या.

“मला शू आलीय,” एर्मेक म्हणाला.

“ओमीन,” रांग म्हणाली, आणि सर्वांनी तोंडावरून हात फिरवले.

त्यांना पोर दिसत नव्हते असे समजू नका. सगळ्यांना दिसत होते. पण प्रत्येकाचा स्वतःचा एक अर्ज आत पडून होता. तुमचा कुठल्या खिडकीत आहे?